उसनं नाक

चीजच्या दुकानात काचेच्या पेटीसमोर उभी राहून ती फोनवर आईला सांगत होती, "अगं, मेलेल्या उंदरासारखा वास येतोय. आणि लोक रांग लावून विकत घेतायत."

या परक्या गावात आपली भाषा कोणाला कळतेय, या भरवशावर ती बसमध्ये, लिफ्टमध्ये, दुकानात वाटेल ते बोलायची.

"उंदीर नाही, बकरी आहे," पेटीपलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला. "आणि स्वभावाने गरीब होती, असं ऐकलंय."

तिने फोन बंद केला. पांढऱ्या एप्रनमधला एक तरुण तिच्याकडे बघत होता. चेष्टा करूनही तो हसत नव्हता... उलट पेटीवरून वाकून त्याने अगदी मनापासून विचारलं, "उंदीर म्हणजे नेमका कसा? ओला की सुकलेला?"

प्रेमाची सुरुवात अशा प्रश्नाने होते हे तिने कधी ऐकलं नव्हतं. पोरींशी बोलायला निमित्त काढणारे खूप पाहिले होते, पण ही तऱ्हा नवीन होती. म्हणून ती थांबली. "ओला," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आवरेना.

ती रस्त्यापलीकडच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर गुलाबी मेणात दात बसवायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन ओट्याशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकलायचं. बसून जेवायला समोर कोणीतरी लागतं, हे तिला इथे आल्यावर कळलं होतं. आता जेवणाच्या सुट्टीत तिची पावलं आपोआप चीजच्या दुकानाकडे वळू लागली. तो सुरीच्या टोकावर पातळ काप पुढे करायचा. कधी पावाच्या खरपूस कडेवर, कधी पिकलेल्या नासपतीच्या फोडीवर. एखादा काप जिभेवर ठेवताच लोण्यासारखा विरघळायचा, एखादा आधी खारट लागून मग गोड व्हायचा, आणि तिला इतके दिवस उपाशी असल्यासारखं वाटायचं.

"आधी वास घ्या. मग खा. आणि मला सांगा," तो म्हणायचा.

"गिऱ्हाइकाला खायला घालताय की परीक्षा घेताय?"

"दातवाल्या बाईंची परीक्षा घ्यायची माझी काय बिशाद? उद्या माझी कवळी तुमच्याच हातात यायची."

मग ती सांगायची. याला ओल्या अळंबीचा वास आहे, याला दूध उतू गेल्यावर येतो तसा, आणि हा... जुन्या साड्यांची ट्रंक उघडल्यासारखा. तो डोळे मिटून ऐकायचा. तिला वाटायचं, तो आपला आवाज ऐकतोय. तिच्या जागी कोणीही असती तरी तिला तसंच वाटलं असतं.

'तुम्ही'चं 'तू' झालं त्या सुमारास तो तिला खाली तळघरात घेऊन गेला. लाकडी फळ्यांवर चीजच्या मोठमोठ्या चकत्या पिकत होत्या. त्या उलटायच्या, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायच्या, आणि वास घेऊन ठरवायचं – ही तयार, ही अजून नाही, ही गेली. हे त्याचं काम. म्हातारी मालकीणबाई त्याच्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवायच्या.

"मला वास येत नाही," फडकं पिळत तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात ताप आला आणि नाक गेलं. डॉक्टर म्हणतात, आता परत येणार नाही. मालकीणबाईंना कळलं तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की या देशात राहायचा परवानाही जाईल."

म्हणजे ते सगळे काप, ती नासपती, ते मिटलेले डोळे... त्याला तिचं नाक हवं होतं तर. रागावून निघून जायला ती जिना चढू लागली, आणि अर्ध्यावर तिला आठवलं, नुसतं नाक हवं असतं तर त्याने सगळ्या गिऱ्हाइकांत तिच्या एकटीचाच काप नेहमी मोठा कापला नसता. ती खाली आली. एक चकती उचलून तिने नाकाशी धरली.

तेव्हापासून सुट्टीत ती हुंगायची आणि तो ठरवायचा. चांगल्या चकतीला कसा वास असतो, असं तिने विचारलं तेव्हा तो फळीला टेकून बराच वेळ बोलला. आजोबांच्या गोठ्यासारखा. सकाळचा गोठा, सुकी वैरण, वासराच्या तोंडाला लागलेलं कोमट दूध. बोलता बोलता त्याचा चेहरा इतका उजळला की तिला त्या वासराचाही हेवा वाटला.

ती वाढली तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. गोठा तिने चित्रात पाहिला होता. पण दुसऱ्या दिवशी एक चकती हुंगून ती म्हणाली, "गोठा." आणि तो हसला. रोज थोडा अधिक खचत चाललेला हा माणूस तेवढ्या एका शब्दाने हसायचा... मग ती तो शब्द जरा सढळ हाताने वापरू लागली. आंबूस वास आला तरी गोठा. कडवट आला तरी गोठाच. तो चकतीवर 'तयार' म्हणून खूण करायचा आणि तिच्या कपाळावरची बट मागे सारायचा.

एका लग्नाची मोठी मागणी आली. मालकीणबाईंनी पहिली चकती कापली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. दुसरी तशीच. सगळी फळी कडू झाली होती. तो पाठमोरा होऊन सुऱ्या पुसत होता, तेव्हा त्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं हळूच त्याच्या नाकापाशी धरलं. तो सुऱ्या पुसतच राहिला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून एप्रन लावून रडल्या. पण त्याला ठेवता येणार नव्हतं.

बस स्थानकावर ती कामावरूनच धावत आली. मीही येते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. तो मान हलवत राहिला. "माझ्यासमोर बसून जेवलेल्या माणसाचं जेवणही बेचव होतं. तुला इथे निदान चव तरी आहे."

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी गोठा कधी पाहिलेलाच नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गोठ्यात गेलेला माणूस आधी शेणाचं नाव घेतो."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

तो बॅगेचा पट्टा चाळवत राहिला. "कोणीतरी मला रोज घरी नेत होतं गं," तो म्हणाला. "थांब कसं म्हणू?"

तिला ओरडून रडावंसं वाटलं. दोघांपैकी एकानेही खरं सांगितलं असतं तर तो आज तळघरात असता, आणि ती त्याच्या शेजारी. गाडीचं दार उघडलं. लोक चढू लागले.

जाता जाता तो वाकला. तिच्या मानेशी, केसांत, त्याने लांब श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला इतक्या जवळून ऐकतंय, अशी ती उभी राहिली.

"येतोय," तो म्हणाला. "खोबरेल तेल... आणि पारिजात. तू म्हणाली होतीस ना, तुझी आई तेलात फुलं घालून पाठवते."

ते तेल संपून खूप दिवस झाले होते. त्या दिवशी तिच्या अंगाला वितळलेल्या मेणाचा, प्लॅस्टरचा आणि घामाचा वास येत होता, तिचा तिलाच असह्य होईल इतका.

त्याचा चेहरा उजळला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बरोबर," ती म्हणाली. "तोच."