पाणी पिणारा ड्रम

"रामदासकाकांचा ड्रम पाणी पितो," योगेंद्र म्हणाला. "नळ होता तोवर काठोकाठ. नळ गेला आणि आपोआप अर्धा. भोक नाही, खाली ओलसुद्धा नाही."

"गाईसारखा हंबरतो पण का?" गोपालने विचारलं. पण त्याच्या आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. त्याची धाकटी बहीण नूतन जुलाबाने आडवी पडली होती. अजून बिघडली तर दवाखान्यात भरती करायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तापीचा पूर ओसरला, तरी नवागामची शाळा बंदच होती. वर्गांत पूरग्रस्त राहत होते. "पाणी उकाळीने पीजो," पाणी उकळून प्या, असं गुजरातीत ओरडत म्युनिसिपालिटीची रिक्षा फिरायची. पण रॉकेल कुठे मिळत होतं? गोपालची आई मंगलाबाई पाण्यात औषधाची गोळी टाकायची. तरी गल्लीच्या खालच्या टोकाला तिच्याच घरी आजारपण आलं. मग काय, रामदासकाका ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकवायचे, "लाइन एकच, पाणी एकच. भांडी नीट घासत नसेल ती बाई." मंगलाबाई खाली मान घालून पाणी भरायची. गोपालला ते बघवत नव्हतं.

त्यांची मैत्रीण धनश्री, तिला मात्र ड्रमचं कोडं काही सुटेना. काकांनी पुरात भिजलेल्या साड्या स्वस्तात उचलल्या होत्या. त्यांचा चिखल ते ओट्यावरच्या ड्रममध्ये खंगाळत. नळाला लावलेला रबरी पाइप ड्रममध्ये तळापर्यंत बुडलेला असायचा.

"बाबा डब्यातून रॉकेल कसं काढतात?" तिने एकदम विचारलं.

"नळी तोंडात धरून एकदा ओढायचं. मग आपोआप उतरतं," योगेंद्र म्हणाला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"ड्रम वर," धनश्री म्हणाली, "आणि मंगलाकाकूंचा नळ खाली, खड्ड्यात. वरचे बाकीचे लोक धार बारीक झाली की नळ बंद करतात, काका उघडाच ठेवतात. मग ड्रममधलं पाणी पाइपातून उलटं खाली उतरतं. काकू शेवटचा थेंब मिळेपर्यंत भरत राहतात."

"म्हणजे तो चिखल..." गोपाल उठलाच.

"थांब. नुसतं सांगून काका ऐकतील? त्यांना दाखवू," धनश्री म्हणाली.

योगेंद्रच्या घरी बर्फगोळ्याची गाडी होती. लाल पाकाची बाटली त्याने शर्टात लपवली. दुसऱ्या दिवशी नळ जायच्या सुमारास धनश्री काकांच्या दारात उभी राहिली. "काका, आईला साडी घ्यायचीय. तुमच्याकडे म्हणे एकदम भारी माल आहे."

काका खुलले. आत नेऊन घड्यांवर घड्या उलगडू लागले. "ही बघ, हात लाव. रेशीम झक मारतं!" धनश्री प्रत्येक साडीला नाक मुरडत होती. बाहेर ड्रममध्ये अख्खी बाटली रिकामी झाली.

खाली गोपालने आईच्या हंड्यावर हात आडवा धरला होता. "आज हे पाणी भरायचं नाही, आई. नुसतं बघ."

धार बारीक झाली. मग गढूळ. मग गुलाबी!

"माय व, हाई काय व्हयनं?" मंगलाबाई मागे सरकली. बाया गोळा झाल्या. साडी टाकून काकाही आले. "बघा, म्युनिसिपालिटीचा कारभार!"

काकांमागून आलेल्या धनश्रीने पेला भरून पुढे केला. "वास घ्या काका. गोळ्याचा पाक आहे. तुमच्या ड्रममध्ये टाकला होता."

काकांनी वास घेतला, वर ओट्याकडे पाहिलं. ड्रम अर्धा झाला होता. त्यांनी धावत जाऊन पाइप उपसला. मग खाली येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुमची भांडी स्वच्छच होती. घाण माझी होती."

मंगलाबाईने पदराने डोळे पुसले. नूतनसाठी टँकरचं पाणी काकांनी स्वतः डोक्यावरून आणलं. तीन-चार दिवसांत पोरगी पेज मागू लागली.

तोवर पोरांनी गल्लीतला एकेक ओटा तपासला. कुठे पाइप बादलीत, कुठे टाकीत. एक तर धनश्रीच्याच घरी, धुण्याच्या बादलीत बुडालेला. आई ओशाळली. बाबांनी मात्र पाइप काढून खुंटीला टांगला आणि शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, "आमच्या पोरीने आमचीही चोरी पकडली. हुशार आहे बरं का!"