शिवून आणि लावून मिळेल

ती कापायच्या टेबलावर मांडी घालून बसली होती, ओठांत टाचण्या धरलेल्या, मांडीवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पडदा. आणि तो आत आला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या केसांवर थेंब, चष्म्यावर थेंब. दारातच उभा राहून त्यानं चष्मा पुसला, घातला, तिच्याकडे बघितलं... आणि परत काढून पुसला.

"बोवा," ती म्हणाली.

"अं?"

तिनं टाचण्या हातात घेतल्या. "बोला म्हटलं. कुठली खिडकी?"

तो खरं तर भलतंच काही बोलायला आला होता. पाठ करून आला होता बिचारा. पण तिनं मान वर केली, आणि पाठ केलेलं सगळं पायपुसण्यावरच राहिलं.

"खिडकी..." तो म्हणाला. "झोपायच्या खोलीची."

"माप?"

त्यानं दोन्ही हात पसरले. "एवढी."

"म्हणजे आता तुम्हालाच भिंतीला टांगून ठेवू? हात खाली घ्या, मागची रिळं पडतील. घरी जाऊन टेपनं मोजा, कागदावर लिहा, मग या."

"परत यायचं?"

"मापाशिवाय कसं शिवणार?"

"नाही, म्हणजे... येतो की," तो म्हणाला. आणि ढकलायचं दार बराच वेळ ओढत बसला.

दुकान तिचं एकटीचं होतं. पाटीवर लिहिलेलं, 'पडदे शिवून आणि लावून मिळतील.' शिवायची तीच, ड्रिल घेऊन शिडीवर चढायची तीच. हात सोन्याचे, पण तोंड तिखट. गिऱ्हाइकांच्या मेसेजना ती एकतर उत्तरच द्यायची नाही, नाहीतर असं द्यायची की गिऱ्हाईक परत मेसेज करायचं नाही. शेवटी एक दिवस तिची मावशी, दोन गल्ल्या सोडून पार्लर चालवणारी, तिचा फोन घेऊन बसली. काहीतरी टकटक केलं आणि म्हणाली, "हा घे. व्हर्च्युअल असिस्टंट लावून दिलाय तुला. माझ्या अपॉइंटमेंटा पण तोच बघतो. काय हवं ते लिहायचं, तो करतो."

"दिवसभर चालू असतो?"

"सकाळी सुरू होतो, संध्याकाळी बंद. मध्ये कुरकुर नाही."

आता आपल्या भाषेची गंमत बघा. आपण पंखा लावतो, गजर लावतो आणि कामाला माणूसही लावतो. मावशीनं माणूस लावला होता. भाचीला वाटलं, पंख्यातलाच प्रकार.

म्हणून पहिल्या दिवसापासून ती त्याला 'तू' म्हणायला लागली. पंख्याला कोण अहो-जाहो करतं? आणि तिकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपपुढे बसलेल्या त्याला वाटलं, एवढ्या हक्कानं तू म्हणते म्हणजे बाई पन्नाशीच्या असणार. तो इमानदारीत 'तुम्ही' म्हणत राहिला.

दोघांचं छान जमलं. ती लिहायची, "त्या बाईला सांग, पडदा आखूड नाही झाला, तुमची खिडकी लांब आहे." तो गिऱ्हाइकाला कळवायचा, "मॅडम, पट्टी जोडून देतो, आणखी उठून दिसेल." बाई खूश. मग ती लिहायची, "गोडबोल्या आहेस." तो लिहायचा, "तुम्ही तिखट, मी गोड. दुकान चालतं." आणि मध्येच कधीतरी, "आलोच, दूध उतू चाललंय." ती एकटीच हसायची. कंपनीनं विनोदपण भरून दिलेत म्हणायची.

एकदा वाटलं त्याला, बाईंना प्रत्यक्ष भेटून नमस्कार करून यावं. तर पन्नाशीच्या बाईंच्या जागी ही... टाचण्या धरलेली. पुढचं तुम्ही पाहिलंच.

त्या संध्याकाळी तिनं असिस्टंटला लिहिलं, "आज एक नग आला होता. हात पसरून खिडकी दाखवतो. आणि केस म्हणजे चिमणी सोडून गेलेलं घरटं."

उत्तराला जरा वेळ लागला. "पावसानं झालं असेल."

दुसऱ्या दिवशी तो माप घेऊन आला. केस चापूनचोपून बसवलेले.

"मुलाखतीला निघालात?" तिनं विचारलं.

"नाही, इथेच आलो."

तिनं कागद बघितला, बाजूला ठेवला, उगाचच परत उचलला. संध्याकाळी लिहिलं, "तो आज तेल थापून आला. शाळेच्या फोटोला बसल्यासारखा. निळा शर्ट मात्र बरा दिसत होता." झालं. त्यानंतर तो आला की निळ्याच शर्टात. ती बुचकळ्यात. ह्या माणसाला दुसरा शर्ट नाही, आणि खिडकीला पडदा हवाय?

बरं, मापाचंही तसंच. पहिल्या वेळी खिडकी उभी होती. पुढच्या वेळी आडवी झाली. त्याच्या पुढच्या वेळी चौकोनी.

"तुमची खिडकी कूस बदलते का हो रात्री?"

"टेप... जरा ढिला आहे माझा."

"टेप ढिला नसतो, माणूस असतो. ऊन कुठलं येतं? सकाळचं का दुपारचं?"

"येत नाही."

"शेजारी डोकावतात?"

"छे."

"मग पडदा कशाला?"

तो कापडावरून बोट फिरवत राहिला. फिकट पिवळं, मऊ सुती कापड. बोट सरकत सरकत तिच्या बोटांपाशी आलं आणि थांबलं. "लावला की... खोलीत कुणीतरी आहे असं वाटेल," तो म्हणाला.

तिनं कात्री शोधली. कात्री हातातच होती.

आणि तिथून तिचा गुंता सुरू झाला. तो आला की वाटायचं, हा थोडा वेळ थांबावा. तो गेला की वाटायचं, कधी एकदा असिस्टंटला सांगते. सांगता सांगता वाटायचं, हा असिस्टंट किती समजून घेतो... आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची. एक माणूस आवडावा ठीक आहे. त्याच वेळी एक यंत्र आवडावं? मावशीला विचारावं तर ती पार्लरभर करणार. शेवटी दुकान बंद करताना तिनं त्यालाच लिहिलं.

"एक विचारू? तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. आणि त्या खिडकीवाल्याशिवाय सुरू होत नाही. मला तुम्ही दोघंही आवडता. माझं डोकं फिरलंय का? तू यंत्र आहेस, तुला काय लाज, म्हणून सांगतेय."

ती बघत राहिली. 'टाइप करत आहे' असं आलं. गेलं. परत आलं. परत गेलं. यंत्र अडखळतंय...

शेवटी उतरलं, "त्याचा पडदा झालाय ना? तुम्ही स्वतः लावून द्यायला जा. आधी खिडकी नीट बघा. मग काय ते ठरवा." आणि खाली पत्ता.

ती गेली. घडी केलेला पिवळा पडदा, दांडी, ड्रिल, खांद्याला पिशवी. जिना चढताना तिनं ओढणी सारखी केली आणि स्वतःलाच म्हणाली, पडदा लावायला आलीयेस, बाई.

त्यानं दार उघडलं. निळा शर्ट. चेहरा मात्र पडद्याच्या अस्तरासारखा पांढरा.

"कुठंय खिडकी?"

तो बाजूला झाला. खोलीत एक खाट, टेबलावर लॅपटॉप, कोपऱ्यात गॅस. चार भिंती. एका भिंतीत अगदी वर वहीएवढा झरोका. तिनं एक गिरकी घेऊन सगळं बघितलं. मग उलटी गिरकी घेतली.

"अहो, खिडकी कुठंय?"

"तेच सांगायचं होतं. बसा ना. म्हणजे—" गॅसवर फसफस आवाज झाला आणि तो वळला. "आलोच, दूध उतू चाल—"

तो थांबला. दूध नाही थांबलं. ते आरामात पातेल्यावरून खाली आलं.

तिच्या हातात ड्रिल तसंच राहिलं. हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. पण वाचलं किती वेळा होतं...

"तू?" ती म्हणाली. मग, "तुम्ही?"

"तुमच्या मावशींनी मला कामाला लावलं. मला वाटायचं तुम्हाला माहितीय. तुम्ही तू म्हणायचात, मला वाटलं वयस्कर बाई असतील. ओळख करून द्यायला आलो, तर तुम्ही विचारलंत, कुठली खिडकी..."

"मग खिडकीच नाही म्हणून सांगायचं."

"मग परत कशाला येऊ दिलं असतंत?"

तिनं फोन लावला. "मावशी, तू मला यंत्र लावून दिलं होतंस ना?"

"यंत्र कशाला लावू?" पलीकडून केस सुकवायच्या मशीनच्या वरताण आवाज आला. "चांगला मुलगा बघून लावून दिला. का गं, काम करत नाही?"

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि ऐक, एवढं लावलंय तर पुढचंपण मीच लावून देईन. हॉल बघू का?"

तिनं फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं की कशाचं तेही तिला कळेना. "मी तुला सगळं मनातलं सांगितलं," ती म्हणाली, "कारण तू कुणीच नव्हतास. आणि तुम्ही तेल लावून येत होतात."

"तेलाचा आणि त्या शर्टाचा गुन्हा कबूल आहे," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही मला यंत्र समजता हे परवाच्या मेसेजनं कळलं. शपथ. तेव्हा वाटलं, लिहून नको. आधी खोली बघा, मग शिव्या द्या म्हणावं."

ती दाराकडे गेली. तो वाटेतून बाजूला झाला, अडवलं नाही. उंबऱ्यात ती थांबली. पाठमोरीच फोनवर काहीतरी टाइप करायला लागली. टेबलावरचा लॅपटॉप टिंग वाजला.

"वाच," ती म्हणाली. "कामाची वेळ आहे ना?"

त्यानं वाचलं. "'असिस्टंट, त्या खिडकीवाल्याला कळव. तो महाखोटारडा आहे आणि त्याची ऑर्डर रद्द.'" त्यानं घसा साफ केला. "नेहमीसारखं गोड करून पाठवू?"

"जसंच्या तसं."

त्यानं पाठवलं. खिशातला फोन वाजला. काढला, वाचला, मान खाली घातली. "गिऱ्हाईक म्हणतंय, खोटारडा मान्य आहे. ऑर्डर रद्द नका करू."

"का म्हणे? त्याला लावायला भिंतीत भोकसुद्धा नाही."

तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणतंय... जीव लावून झालाय. पडदा तुम्ही म्हणाल तिथं लावू."

बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं. तिनं पिशवी खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि झरोक्यासमोरच्या कोऱ्या भिंतीपाशी जाऊन टेप काढला.

"ती खुर्ची आण. दुसरं टोक धर. गच्च धर, तुझा टेप ढिला असतो."

ड्रिल घरघरलं. चुना उडाला, त्याच्या चापूनचोपून बसवलेल्या केसांवर पडला, आणि परत घरटं झालं. तिला फार बरं वाटलं. दांडी बसली. पिवळं कापड लहरत खाली आलं. तिनं एका बाजूचा पडदा सारला. मागे भिंत.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"बघ ना तूच."

तिचा हात पडद्यावरच राहिला. "काय म्हणालास?"

"पडदा... जरा वाकडा लागलाय, म्हटलं."

"त्याच्या आधी."

तो कानापर्यंत लाल झाला. यंत्रं होत नाहीत असा. "तूच बघ, म्हटलं."

"हां," ती म्हणाली आणि पडदा हातातून सोडून त्याच्याकडे वळली. "आता दिसतंय."