बेटावरचा पावणा

रजया आणायला मी कोल्हापूरला गेलो होतो. एकतीस डिसेंबरचे पावणे येणार होते आणि बेटावर रात्री थंडी बेकार पडते. वहिनी म्हणाली होती, जाडजूड बघून आण, मागच्या वेळी पातळ आणल्या होत्यास. चार रजया जीपमध्ये टाकल्या आणि शाहूवाडीकडं परत फिरलो. धरणाच्या काठावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोन हजार चोवीसचा तीस डिसेंबर, सोमवार. सोमवती अवस.

धरणाच्या पाण्यात आमची एक टेकडी बुडायची राहिली. तिलाच आम्ही बेट म्हणतो. माझा थोरला भाऊ अमरसिंह, त्यानं तिथं बांबूच्या चार खोल्या बांधल्या. केळी, नारळ लावले. झाडांना झोळ्या टांगल्या. काठावर पाटी लावली, इको लॉज. टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. लोक पुण्याहून, मुंबईहून नुसतं पडून राहायला यायचे. दिवसभर झोळीत झोपायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे, आणि जाताना दादाच्या गळ्यात पडायचे. मी काठावर उभा राहून ते बघायचो. घरी तो आला की दमलेला असायचा. जेवायचा आणि झोपायचा. त्याच्या गप्पा सगळ्या बेटावर संपायच्या.

वैशाखात वळीव आला. पावण्यांची एक बॅग होडीत राहिली होती. मी म्हटलं, राहू दे, पाऊस थांबल्यावर आणू. तो म्हणाला, "पावण्याची हाय रं." आणि गेला. त्याच्यावर वीज पडली.

ती बॅग मी नंतर उघडून बघितली. पोहायचे कपडे होते आणि चिप्सचं एक पाकीट.

मी रजया घेऊन पोचलो त्या रात्री काठावर शेकोटी पेटली होती. आमची होडी चालवणारे हंबीरराव मामा आणि बेटावर स्वयंपाक करणारा उदयसिंह, दोघं माझी वाट बघत बसले होते. रजया होडीत ठेवल्या. बेटावर कुणीच नव्हतं, पावणे दुसऱ्या दिवशी येणार होते. मी शेकायला बसलो.

"मामा, अवस हाय. एखादी सांगा की," उदय म्हणाला.

मामांनी लाकूड आत सारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"खोटी सांगत न्हाय. माझ्या वळखीच्या माणसाला आलेला अनुभव हाय. हातकणंगल्याचं नेमगोंडा अण्णा. पंपाचं दुकान हाय त्येंचं. जैन माणूस, सूर्य बुडाला की पाण्याचा थेंब घेत न्हाय, खोटं तर त्येंच्या तोंडातनं निघायचंच न्हाय. झोप उडालेली माणसाची. डागतर म्हणला, फोन घरी ठेवा आन् कुठंतरी निवांत जाऊन पडा."

"मग?"

"मग आलं आपल्याकडं. दिवाळी झाल्यावर. दोन रात्री ऱ्हायले. तिसऱ्या दिवशी मी आणायला गेलतो. होडीत बसले आन् लहान पोरागत हसाय लागले. म्हणले, हंबीरराव, सहा महिन्यांनी झोपलो बघा. तुमच्या त्या माणसाची कृपा. मी म्हणलं, उदयची? तर म्हणले, न्हाय हो, त्यो स्वयंपाकाचा. दुसरा. रात्री येतोय की. दाराबाहेर बसतोय. कुठलं पावणं, पोरंबाळं किती, समदं इचारतोय. बोलत बोलत झोप कधी लागती कळत न्हाय."

उदय हसला नाही. त्याला माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"नाव इचारलंसा?" मी म्हटलं.

मामांनी विस्तव उकरला.

"मामा. नाव काय म्हणला त्यो?"

"उद्या पावणं येणार. त्येच्या आधी तुला म्हाईत पायजे, म्हणून सांगतूय." मामांनी हात शेकोटीवर धरले. "अमरसिंह म्हणला."

मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला राग आला. सात महिने मी त्याच्या खाटेवर झोपतोय. त्याचा शर्ट अंगात घालून झोपतोय. पाण्याकडं तोंड करून हाका मारतोय. साधा स्वप्नात आला नाही. आणि हातकणंगल्याच्या पंपवाल्याला पोरंबाळं विचारतो?

"अजून कुणाला?" मी विचारलं.

उदय खाली बघून म्हणाला, "पुण्याच्या एक मॅडम हुत्या. त्येंना बी. आन् एका नवराबायकोला… तुला कसं सांगायचं रं?"

"मी बेटावर किती रात्री काढल्यात. मला का न्हाय?"

"त्यो पावण्यालाच दिसतोय," मामा म्हणाले. "वहिनीसाहेब बी राहून आल्या की. त्येंना न्हाय दिसला."

मी उठलो. "मग मी पावणा हुतो."

"अवसंला मी होडी घालत न्हाय."

"पवत जातो."

मामांना माहीत आहे, मी म्हटलं की करतो. ते उठले.

सगळं रीतीनं करायचं ठरवलं. पावण्यासारखं. उदयनं माझ्या पायावर पाणी घातलं, हातावर गुळाचा खडा ठेवला. "या पावणं," म्हणाला. सुरुवातीला चेष्टेनं म्हणाला, मग दुसऱ्यांदा खरंच म्हणाला. माझी पिशवी मामांनी उचलली. रोज मी वल्हं मारतो, त्या दिवशी हात लावला नाही. पावणे बसतात तिथं, पुढच्या फळीवर बसलो.

अर्ध्या पाण्यात मामा म्हणाले, "राजवीर, असं सोंग करू न्हये. घरच्या माणसानं पावणा हुऊ न्हये."

"वल्हं मारा."

मला खोलीत सोडून मामा परत गेले. वल्ह्याचा आवाज लांब गेला. मग तोही नाही.

मी दार लावलं. खाटेवर पडलो. दिवा विझवला, कारण पावणे विझवतात. पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं. बाहेर पाणी काठाला लागत होतं. एक टिटवी ओरडून गेली. थंडी वाढली. मला वाटतं माझा डोळा लागला असेल.

पाचोळा वाजला.

मी उठून बसलो नाही. तसाच पडून राहिलो.

परत वाजला. चार पावलं. थांबला. बादलीची कडी वाजली.

बांबूच्या फटींतून उजेड आत आला. पिवळा. कंदिलाचा. माझ्या पांघरुणावर पट्टे पडले. बाहेर कुणीतरी बसलं, हुश्श केलं. दादा गुडघा दुखायचा म्हणून बसताना असंच करायचा.

आवाज दाराच्या अगदी जवळ होता. उजेड त्याच्या मागं. मध्ये माणूस असला की फटी अंधाराव्यात. अंधारल्या नाहीत. एकही पट्टा तुटला नाही.

"पावणं… जागं हाय न्हवं?"

त्याचाच आवाज.

"पाणी गरम आणलंय. पाय शेकून घ्या. झोप लागती."

मी दाराकडं तोंड केलं.

"दादा…"

बाहेर बादली सरकली.

"कुठलं म्हणायचं पावणं तुम्ही?"

आवाज गोड होता. पावण्यांशी बोलायचा तो. माझ्याशी तो असा कधी बोलला नव्हता. मी सात महिने ज्याच्यासाठी जळत होतो, तोच आवाज. मला नको होता.

"दादा, मी हाय. बारक्या."

पाणी काठाला लागलं… परत लागलं…

मग तो हसला. हलकंच.

"आमचा बी एक बारक्या हाय."

"दादा…"

"तिकडं काठावर असतोय. लई तापट. पावण्यांचा राग येतोय त्येला. म्हणतोय, तू आमचा हाईस का त्येंचा?"

हे मी म्हटलं होतं. भांडून. दोघंच होतो तेव्हा.

"पण जीव हाय माझा," तो म्हणाला. "त्येला कधी बोललो न्हाय. हितं बसलो की त्येचीच वाट बघतूय. रोज. बघा की… अजून आला न्हाय."

"आलाय की."

शांत.

"आलाय, दादा… हितंच हाय…"

उजेड हलला नाही. मी ऐकत राहिलो. श्वासाचाही आवाज नव्हता.

"झोपा पावणं," तो म्हणाला. "लांबनं आला असशीला. दमला असशीला."

मी झेप घेऊन दार उघडलं.

कुणी नाही. कंदील नाही. बादली नाही. काळं पाणी आणि अवसंचा अंधार. मी ओरडत साऱ्या बेटावर पळालो. केळीत, नारळात, पाण्यात कंबरेइतका उतरलो. "बारक्या हाय मी," ओरडत राहिलो, घसा बसेपर्यंत. शेवटी खोलीच्या पायरीवर येऊन बसलो, ओला, कुडकुडत.

इतके दिवस मला पावण्यांचा हेवा वाटत होता. त्या पायरीवर बसून मी दुसऱ्याच कुणावर तरी जळत होतो. ज्याची दादा रोज वाट बघतो, त्या बारक्यावर. ज्याच्याबद्दल तो म्हणाला, जीव हाय माझा. तो कोण होता, कुठं होता, मला सांगता येत नव्हतं.

उजाडताना होडी आली. मामा आणि उदय रजया घेऊन आले. माझ्याकडं बघून मामांनी एक रजई उलगडून माझ्या अंगावर टाकली. उदय चहा टाकायला स्वयंपाकघराकडं गेला. कंबरेची किल्ली काढून त्यानं कुलूप उघडलं. ती रात्रभर त्याच्याजवळच होती.

मग तो बाहेर आला. चेहरा पांढरा.

"मामा… हिकडं या."

आम्ही गेलो. चुलीच्या कडेला एक ताट होतं. त्यावर दुसरं ताट पालथं.

घरातलं कुणी उशिरा येणार असलं की आमच्यात असं झाकून ठेवतात. पावण्याला कुणी असं ठेवत नाही. पावण्याला बसवून वाढतात.

उदयनं चुलीतल्या राखेत बोटं घातली. "गार हाय," म्हणाला.

मामांनी वरचं ताट उचललं. भाकरी, पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा. वाफ वर आली.

उदय मागं सरकला.

"तुझं हाय, राजवीर," मामा म्हणाले. "बस. खा."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. पावण्यानं चुलीपर्यंत जायचं नसतं. भाकरीची वाफ निघत राहिली.