गाडीखालची जागा

सकाळी नऊला लाँड्रीच्या मागच्या अंगणात वहिनीनं चावी फिरवली आणि गाडीनं रोजचंच उत्तर दिलं. टक. पुढे काही नाही.

"अगं बाई, आज तरी!" असं म्हणत तिनं पुन्हा फिरवली. टक.

आज तरी म्हणायला कारण होतं. दुपारी तीनला गाडीचं पासिंग होतं. बावीस वर्षांची व्हॅन, दारं करकरतात, एक आरसा तारेनं बांधलेला. ते सगळं चाललं असतं. पण इन्स्पेक्टरसमोर ती स्वतःच्या सेल्फवर चालू व्हायला हवी होती, कारण ढकलून चालू केलेल्या गाडीकडे ते लोक ढुंकूनही बघत नाहीत. आणि धाकट्या दिरानं सासूला साक्षी ठेवून ठरवून टाकलं होतं. गाडी पास झाली तर गाडी वहिनीची, हॉस्पिटलच्या चादरी पोचवायचं कामही तिचंच. नाही झाली तर गाडी भंगारात आणि वहिनीनं घरात बसायचं. "वहिनी, तुमच्याच भल्यासाठी," असंही वर तो म्हणाला होता. आपल्या भल्याची काळजी वाहणारी माणसं वहिनीनं जन्मभर पाहिली होती.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलात नेलं, आणि तिनंच धुतलेल्या चादरीवर तो गेला. त्यानंतर चार महिन्यांनी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तिनं लायसन्स काढलं. तो असेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. तिची जागा गाडीखाली होती.

त्याचं असं की, सेल्फ अकरा वर्षांपूर्वीच दमला होता. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. तिच्या पोटात कार्बनचे छोटे ठोकळे असतात. ते झिजले की करंट आत पोचत नाही, आणि बाहेरून हातोडी मारली की जागचे हलतात, मोटर तेवढ्यापुरती फिरते. म्हणून रोज सकाळी वहिनी हातोडी घेऊन गाडीखाली आडवी व्हायची आणि तो वर सीटवर बसायचा. तयार झाला की टाचेनं खालच्या पत्र्यावर दोनदा आपटायचा. धप धप. मग तिनं तीन ठोके द्यायचे, त्यानं चावी मारायची. "अहो, नवा बसवा की," असं ती म्हणाली की तो हसून म्हणायचा, "कशाला? तू आहेस की!" चारचौघांत मोठा गमत्या माणूस. एकदा गाडी गिअरमध्येच राहिली होती. त्यानं चावी मारली, गाडीनं पुढे उडी घेतली आणि चाक तिच्या खांद्यावर आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, बाथरूममध्ये घसरली. तिनंही तेच सांगितलं, आणि त्याचाच तिला अजून संताप यायचा.

साडेनऊला बॅटरीवाले काका आले. काकांचे गुडघे कामातून गेले होते, पण कान शाबूत होते.

"हेडलाइट लावा. आता मारा चावी."

टक. दिवे होते तसेच राहिले.

"बॅटरी बिचारी निर्दोष आहे," काका म्हणाले. "ती मेली असती तर दिव्यांनी माना टाकल्या असत्या." तरी त्यांनी मीटर लावून पाहिला, बारा पॉइंट सहा. टर्मिनल घासली, अर्थिंगची पट्टी हलवून बघितली. मग वहिनी टेस्ट लॅम्प घेऊन खाली गेली आणि काका दारातून आत वाकून चावी फिरवत राहिले. तिनं तार सेल्फच्या तोंडाशी टेकवली तर दिवा लख्ख पेटला.

"म्हणजे करंट दारापर्यंत येतोय, घरात शिरत नाही," काका वरून म्हणाले. "कार्बन संपले. सेल्फ गेला, वहिनी."

"अकरा वर्षं झाली जाऊन."

"मग बदलला का नाहीत?"

"मी होते की."

काकांनी बरोबर आणलेला नवा सेल्फ खोक्यातून काढला, बॉनेटमधून जुन्यावरचा दात्यांचा आकडा टॉर्चनं वाचून घेतला, नव्याचे दाते मोजले. नऊ आणि नऊ. जाताना म्हणाले, "एकट्याच बसवाल?"

"काढायला तीन बोल्ट, बसवायला तीन बोल्ट. त्यात काय!"

"शेवटी चावी मारायला कुणाला तरी हाक मारा."

"चावी माझी मीच मारीन, काका."

ते गेल्यावर तिनं गाडी न्यूट्रलला टाकली. हँडब्रेक ओढला. चारही चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, बॅटरीची वायर काढून बाजूला वळवली आणि चावी एप्रनच्या खिशात टाकली. मग परत जाऊन गिअरचा दांडा हलवून बघितला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

खाली ऑइलचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. पहिला बोल्ट गंजलेला निघाला. पाना लावून ती जोर काढत होती, एवढ्यात गाडी ड्रायव्हरच्या बाजूला बोटभर खाली बसली. सीटची स्प्रिंग कुरकुरली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"काका? काही राहिलं का?"

उत्तर नाही. गाडीखालून सगळं अंगण दिसत होतं: निळी बादली, इस्त्रीच्या टेबलाचे चार पाय, वाळत घातलेल्या चादरींच्या कडा. माणसाचे पाय कुठेच नव्हते.

ती सरकत बाहेर आली. सीट रिकामी होती. गिअर मात्र पहिल्यात पडलेला होता.

ती दोन पावलं मागे सरली. पण ते क्षणभरच, कारण मागोमाग राग आला आणि तो बराच जुना होता. तिनं खाडकन दांडा न्यूट्रलला ओढला. "एक हाड मोडून पोट भरलं नाही वाटतं," असं म्हणून ती पुन्हा खाली गेली. बाहेर बसून थरथरत राहिली असती तर तीन वाजले असते, आणि थरथरायला उभा जन्म पडला होता.

दुसरा बोल्ट निघाला, मग तिसरा. नऊ किलोचा जुना सेल्फ तिनं दोन्ही हातांनी हळूच पोटावर उतरवून घेतला आणि दम खात पडून राहिली.

तोंडाच्या वर, पत्र्यावर, टाच आपटली. धप धप.

गंजाची पूड तिच्या डोळ्यांत गेली. डोळे चोळायला म्हणून तिनं हात उचलला तर हातात हातोडी होती. ती कधी घेतली हे तिला कळलंच नव्हतं. अकरा वर्षांची सवय, हात कशाला विचारायला येतोय! तिनं हातोडी बाहेर भिरकावली. ती सिमेंटवर खणखणत बादलीपाशी जाऊन पडली.

"कशावर ठोकू?" ती वर बघून ओरडली. "सेल्फ माझ्या पोटावर आहे! खाली उतर!"

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं होतं. वर सीटची स्प्रिंग कुरकुरली. मग पुन्हा, जास्त जोरात. धप धप.

"नाही म्हणजे नाही!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. नवा सेल्फ गुडघ्यांवर तोलून ती जागेवर बसवत होती तेव्हाही टाच चालूच होती. थांबायची, आपटायची, थांबायची. वहिनी बोल्टचे आटे मोजत राहिली. भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण पाना घसरू द्यायचा नाही एवढं तिनं ठरवलं होतं.

दीड वाजता बॅटरी जोडून ती सीटवर बसली. सीट गार होती. तिनं चावी फिरवली.

टक.

दिवे लख्ख. नवा कोरा सेल्फ, आणि आवाज तोच जुना. तिनं नट तपासले, वायरी तपासल्या, अर्थिंग पुन्हा घासलं. सगळं जिथल्या तिथं घट्ट होतं. चावी मारली की टक. ती पुन्हा पाना उचलणार, तेवढ्यात दीर हजर झाला. बरोबर वेळ साधायची विद्या त्याला जन्मजात होती.

"काय वहिनी, नाही ना स्टार्ट घेत? मी म्हटलंच होतं. भंगारवाल्याला चारला बोलावलंय."

"तीन अजून वाजायचे आहेत, भाऊजी."

"दादाच्या हातानं चालायची हो ती. तुमच्याच्यानं नाही व्हायची."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. मग समोरच्या काचेकडे. गाडीत खोट नव्हती. काकांनी मोजलं होतं, तिनं मोजलं होतं. कुणालातरी फक्त ती वर बसलेली चालत नव्हती.

तिनं चप्पल काढली. उजवी टाच उचलली आणि पत्र्यावर आपटली. धप धप.

"हे काय करताय?" दीर म्हणाला.

"आता तू खाली," ती म्हणाली. ते दिराला नव्हतं.

अंगणात चादरी हलत होत्या. बादलीपाशी फेकलेली हातोडी तिथं नव्हती.

मग गाडीखालून ठोका आला. पहिला चुकला, रबरी पाइपावर बसल्यासारखा बद्द वाजला. ठोकायची सवय नसलेल्या माणसाचा होता तो. दुसरा लोखंडावर बसला. तिसराही.

तिनं चावी फिरवली आणि इंजिन धडधडत चालू झालं.

"खाली कोण आहे?" दिराचा आवाज चिरकला.

"बघा ना वाकून."

दीर वाकला नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो," असं म्हणून तो जो गेला तो त्या दिवशी परत दिसला नाही.

पासिंगच्या मैदानावर सिमेंटची लांब सपाट पट्टी होती आणि तिच्या टोकाला ब्रेकची पांढरी रेघ. इन्स्पेक्टर सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कागद. त्यानं दिवे बघितले, हॉर्न ऐकला, तारेनं बांधलेल्या आरशावर नाक मुरडलं.

"इंजिन बंद करा. आता सेल्फवर चालू करून दाखवा."

टक.

इन्स्पेक्टरनं कागदावर पेन टेकवलं.

वहिनीनं दात आवळून टाच आपटली. दोनदा. खालून तीन ठोके आले, या वेळी तिन्ही बरोबर जागी. इंजिन लागलं.

"खालून काय वाजतंय?" असं म्हणत इन्स्पेक्टर वाकला.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बाई, तुमच्या माणसाला आधी बाहेर काढा. खांदा चाकाखाली येईल त्याचा."

"सांगून ऐकणाऱ्यातला नाही तो."

"अहो, पण मला गाडी पुढे घ्यायला सांगायची आहे! ब्रेक बघायचे आहेत!"

वहिनी स्टिअरिंग धरून बसून राहिली. गाडी चालू होती. कागदावर सहीसुद्धा झाली असती. पण उद्या सकाळी पुन्हा टाच आपटायची, पुन्हा त्यानं ठोकायचं. परवाही. जागा तेवढ्या बदलल्या, संसार तोच. मरेपर्यंत.

तिनं दोनदा हॉर्न वाजवला. एवढी सूचना तिला कधी कुणी दिली नव्हती.

"सरक," ती म्हणाली. "एकदाच सांगते."

खालून एकच ठोका आला. हट्टाचा.

तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

मागचं चाक कशावर तरी चढलं. आणि उतरलं.

पांढऱ्या रेघेवर तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तिनं इंजिन बंद केलं, दोन्ही पाय पत्र्यावर स्थिर ठेवले आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. बंद केलं, पुन्हा फिरवली. पुन्हा लागलं.

तिनं पायानं चाचपून चप्पल पुन्हा घातली.

आरशात इन्स्पेक्टर दिसत होता. "पास," तो तिथूनच म्हणाला. मग सही केलेला कागद घेऊन तो गाडीकडे निघाला. मधे वहिनीला तरी नुसतं सपाट सिमेंट दिसत होतं, उन्हानं पांढरं पडलेलं. चार पावलं आला आणि थांबला. खाली बघितलं. मग पँट घोट्यापासून वर उचलून धरली आणि पट्टीच्या कडेकडेनं, मोठा वळसा घालून आला.