पिवळ्या रुमालाची जागा

सुट्टीचा शेवटचा दिवस होता आणि घोडं बीच क्लबपाशी अडलं होतं.

बेटावरच्या गेस्ट हाउसच्या गच्चीवर नाश्ता आटोपत आला होता. समोर निळंशार पाणी, खाली नारळाच्या झावळ्यांची सळसळ, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. ताईचं चष्म्याचं दुकान होतं. अर्धं आयुष्य लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलण्यात गेलं, त्यामुळे कुठलीही निवड ती एकाच पद्धतीने करायची. दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि विचारायचं, "हे बरं, की ते?" पडदे, भाज्या, भाडेकरू, सगळं असंच. नवराही असाच निवडला होता आणि तेवढा एक नंबर चुकला, असं ती स्वतःच हसून सांगायची.

गेस्ट हाउसच्या मालकिणीने सकाळीच माहिती दिली होती. किनाऱ्यावर तीन क्लब. एक गाणीबजावणीवाला, एक पोहण्याच्या तलावाचा, आणि एक पार टोकाला, जुना. तिथे फारसं कोणी जात नाही.

"गाण्यांचा बरा, की तलावाचा?" ताईने विचारलं.

"कुठलाही," छोटी म्हणाली.

छोटी, तिची धाकटी बहीण, नावालाच छोटी. चाळिशी केव्हाच उलटली होती. शिवणाचं काम करायची, हात असा की फाटलेली बाही शिवल्यावर कुठे फाटली होती हे गिऱ्हाइकालाच आठवू नये. पण गेले काही महिने तिचं मशीन बंद होतं. समोर ताट ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर नाही.

कारण मधली गेली होती.

मधलीला घरात सगळे घाईताई म्हणायचे. बस असो, सिनेमा असो, कुणाच्या लग्नातली पंगत असो, ही बया सगळ्यांच्या आधी पळत सुटायची. "मी पुढे होते, जागा धरते, या तुम्ही मागून!" मागच्यांनी धापा टाकत पोचावं, तर गर्दीत ही ऐसपैस बसलेली आणि शेजारच्या जागांवर रुमाल टाकलेले. रुमाल छोटीने शिवलेले, पिवळे, काठाला निळा दोरा. लोक भांडायचे, ही जुमानायची नाही. ताई सगळ्यांत शेवटी डुलत डुलत यायची आणि आरामात बसायची. "आली, आयत्या बिळावर नागोबा," असं घाईताई दर वेळी म्हणायची, आणि मग स्वतःच "सरक जरा" म्हणत तिला चिकटून बसायची. लहानपणी जागांवरून भांडणं व्हायची म्हणून आईने एक नियम घालून दिला होता. रुमाल जी उचलेल तिची जागा. मग रडायचं नाही आणि बदलून मागायचं नाही. तिघी बहिणी म्हाताऱ्या व्हायला आल्या, तरी हा नियम कोणी मोडला नव्हता.

या सहलीचं बुकिंगही घाईताईनेच केलं होतं. तिघींचं. मग डोकं दुखायचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून हात हलवून ती म्हणाली होती, "मी पुढे होते गं." शेवटचा निरोप देताना ताईने एक पिवळा रुमाल तिच्या मुठीत ठेवला. त्याच्या एका कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. दुसरा चांगला शोधावा एवढं त्या वेळी सुचलं नाही.

छोटी आणि घाईताई दुकानाच्या वरच्या खोल्यांत एकत्र राहायच्या. आता छोटी एकटी. एका दुपारी ती ताईला अगदी शांतपणे म्हणाली, "तिने माझी जागा धरून ठेवली असेल. मी उगाच ताटकळत ठेवलंय तिला."  ताईने त्याच दिवशी घरातल्या झोपेच्या गोळ्या उचलून नेल्या आणि आपलं अंथरूणही छोटीच्या खोलीत आणलं. एक बहीण गेली ती गेली. दुसरी जाऊ द्यायची नव्हती. म्हणून रद्द करायची सहल तिने रद्द केली नाही.

"चल, आधी गाण्यांचा बघू," ताई म्हणाली. "पटला तर ठीक, नाहीतर पुढचा."

पहिल्या क्लबच्या दाराशी फुलाफुलांच्या शर्टातला रखवालदार उभा होता. त्याने दोघींना पाहिलं आणि आपणहून दोरी बाजूला केली.

"या, या. तुमच्या बाई केव्हाच्या आल्यात. जागा धरलीय त्यांनी."

"कोण बाई?"

"त्याच की. पुढे आल्या त्या." आणि तो दुसऱ्यांकडे वळला.

आत कान किटतील असा गोंगाट होता. पण पाण्याजवळ, एवढ्या गर्दीतही, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर टॉवेल पसरलेला, दुसरी नुसतीच. कोणी तिकडे फिरकत नव्हतं.

"दुसऱ्या कोणाच्या तरी असतील," ताई म्हणाली. "या रखवालदाराला चष्म्याची गरज आहे. चल, इथे डोकं उठेल."

 निघताना छोटीने मान वळवून त्या खुर्च्यांकडे पाहिलं.

दुसरा क्लब सुरेख होता. पांढऱ्या छत्र्या, निळ्या फरश्यांचा तलाव, उथळ पाण्यात पाय आपटणारी मुलं. ताईला बरं वाटलं. इथेच बसू, असं ती म्हणणार, तेवढ्यात एक वेटर मुलगी ट्रे घेऊन आली. त्यावर लिंबाच्या सरबताचे दोन ग्लास.

"हा बिनबर्फाचा तुमचा," ती छोटीला म्हणाली. "बाईंनी सांगून ठेवलंय, हिची दाढ दुखते, बर्फ घालू नका म्हणून."

छोटीची दाढ दुखत होती. ताईलाही ते ठाऊक नव्हतं.

"आणि हा दुसरा?" ताईने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तो त्यांचा स्वतःचा. पाण्यात उतरल्यात वाटतं, येतीलच. तुमच्या जागा त्या बघा, छत्रीखाली."

छत्रीखाली दोन खुर्च्या होत्या. एकीची गादी ओली होती, नुकतंच कोणी पाण्यातून येऊन बसून गेल्यासारखी. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि ऊन तिथपर्यंत पोचत असूनही ते वाळत नव्हतं.

ताई डोक्याने चालणारी बाई. जे दिसतं त्याला कारण असतं आणि कारण सापडलं की भीती जाते, हे तिने हजार गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तिने बाजूला जाऊन गेस्ट हाउसला फोन लावला.

"तुम्ही आमच्याबद्दल क्लबवाल्यांना काही कळवलंत का?"

"मी? छे हो," मालकीण म्हणाली. "पण तुमच्या त्या तिसऱ्या बाई सकाळीच बाहेर पडल्या ना? मी त्यांना म्हटलं, नाश्ता तरी करून जा. म्हणाल्या, आधी जागा धरते."

ताईने फोन बंद केला. 

परत येऊन पाहते तर छोटी त्या ओल्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभी. तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. ते पाहून ताईला रडूही आलं आणि भीतीही वाटली.

"ताई, तुझ्या लक्षात आलं का? दोन्हीकडे दोनच खुर्च्या."

"आपण दोघीच आहोत."

"एक तिची आहे," छोटी म्हणाली. "ती एकच जागा धरतेय. आणि तू कधी घाईने येतेस का कुठे?"

"खोलीवर चल. आत्ताच्या आत्ता."

"हाही नसेल आवडला तिला. इथे पोरांचा किती कालवा आहे. ती तिकडे टोकाला गेली असेल." छोटी वाळूवर उतरली. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि मागे वळून हसली. "मी पुढे होते, ताई. तू ये मागून."

आणि ती पळत सुटली.

ताईचा गुडघा कामातून गेलेला. जन्मात ती कुठे धावली नव्हती, तिच्यासाठी नेहमी कोणीतरी धावलं होतं. आता ती धावली. वाळू पाय ओढत होती, श्वास घशात अडकत होता, हाका मारायच्या तर आवाज फुटत नव्हता. पुढे छोटीचा ठिपका लहान लहान होत होता. वाळूवर तिच्या पावलांचे ठसे होते. थोडं पुढे गेल्यावर ताईला दिसलं की त्यांच्या शेजारी आणखी एक रांग आहे. ती पावलं पाण्याने भरलेली होती.

तिसरा क्लब म्हणजे चार खांबांवरचं शाकारलेलं छप्पर आणि कापडी खुर्च्यांची एक रास. गाणी नाहीत, माणसं नाहीत. एक म्हातारा राखणदार खुर्च्या पुसत बसला होता. त्याने ताईला पाहून नुसतं समुद्राकडे बोट केलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

लाटा येऊन टेकत होत्या तिथे दोन खुर्च्या मांडल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून.

डावीकडच्या खुर्चीचं कापड खाली झुकलेलं होतं. आत कोणी नव्हतं. कापडातून पाणी ठिबकत होतं.

उजवीकडच्या खुर्चीवर पिवळा रुमाल होता. निळ्या दोऱ्याचा काठ. कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.

छोटी खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली होती आणि त्या झुकलेल्या कापडाशी काहीतरी बोलत होती. लहानपणी पांघरुणात तोंड घालून दोघी बोलायच्या, तशी. बोलता बोलता तिने रुमालाकडे हात नेला.

"छोटे!"

छोटीने वळून पाहिलं. "जाऊ दे ना मला, ताई. मला नाही जमत तिच्याशिवाय."

 ताईकडे बोलण्याएवढा श्वासच उरला नव्हता. तिने छोटीला ढकललं, झडप घालून रुमाल उचलला आणि धपकन खुर्चीत बसली.

रुमाल बर्फासारखा गार होता.

छोटी किंचाळली. "ती माझी जागा होती! तिने माझ्यासाठी धरली होती!"

"रुमाल मी उचलला," ताई म्हणाली.

"ताई, दे तो इकडे!"

"रुमाल जी उचलेल तिची जागा. आईने सांगितलंय. मग रडायचं नाही आणि बदलून मागायचं नाही."

शेजारची खुर्ची कुरकुरली.

ताईने तिकडे पाहिलं नाही. समोर पाण्याकडे बघत राहिली. उजव्या खांद्यावर ऊन होतं. डावा खांदा ओला होत गेला, कोणी चिकटून बसावं तसा. ओल्या केसांचा वास आला. ओळखीचा वास होता, आणि त्या भीतीतही ताईला आपल्या बहिणीची इतकी आठवण आली की डोळ्यांपुढचा समुद्र पुसट झाला.

"आले ना मी," ती पुटपुटली. "हिला सोड. हिचं अजून सगळं राहिलंय."

बराच वेळ काही झालं नाही.

मग ठिबकणं थांबलं. डावीकडचं कापड हळूहळू वर आलं आणि वाऱ्यावर फडफडू लागलं.

छोटीने ताईच्या मांडीवर डोकं घातलं आणि हंबरडा फोडला. घाईताई गेली त्या दिवशी ती रडली नव्हती, नंतरही नाही. आता सगळं साचलेलं बाहेर पडलं. ताई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. ऊन उतरलं तेव्हा छोटी नाक पुसत म्हणाली, "भूक लागलीय." ताईच्या कानांना एवढं गोड कधी काही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर छोटीने दाढेवर इलाज केला आणि मशीनला तेल घातलं. आठवडाभरात वरून मशीनचा खडखडाट ऐकू येऊ लागला, मग शेजारणीशी हसणं, मग चक्क भांडणंही. ताईने गोळ्यांची बाटली फेकून दिली आणि अंथरूण आपल्या घरी परत नेलं. बेटाबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत. पिवळा रुमाल ताई पर्समध्ये ठेवायची. तो कितीही वाळवला तरी एका कोपऱ्याला ओलसर राहायचा.

पाऊस संपता संपता ताईचं डोकं दुखायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज. गिऱ्हाइकासमोर काच धरावी आणि अक्षरं आपल्यालाच दोन दिसावीत. छोटीला काही न सांगता ती एका सकाळी डॉक्टरकडे गेली.

दवाखाना गच्च भरला होता. बाकांवर माणसं, भिंतीला टेकून माणसं, दारात माणसं. काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"या, या. तुमच्या बहीण केव्हाच्या येऊन बसल्यात."

"छोटी?" ताईने विचारलं. पण ती निघाली तेव्हा वर मशीन चालू होतं.

"नाव नाही विचारलं. फार घाईत होत्या." मुलीने कोपऱ्याकडे मान हलवली.

कोपऱ्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एवढ्या गर्दीत तिथे कोणी बसत नव्हतं. एका खुर्चीखाली फरशीवर पाणी साचलं होतं.

ताईने पर्स उघडून पाहिली. आत रुमाल नव्हता. तो दुसऱ्या खुर्चीवर होता.

ती नेहमीसारखी सावकाश चालत गेली. रुमाल उचलला, नीट घडी करून मांडीवर घेतला आणि बसली. शेजारी पाहिलं नाही. डोळ्यांत आलेलं पाणी तिने बोटाने निपटलं.

"सरक जरा," ती हळूच म्हणाली.

शेजारची खुर्ची कुरकुरली.