रिकाम्या पिंजऱ्यातली तहान

ये, बस अशी. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीत रात्र भरदुपारी असते. ते अंधारात खातात, म्हणून तिथले दिवे उलट्या वेळेला लावलेले. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत एकच लाल बल्ब. दाणापाणी करायचं, मेलेला उंदीर कापून गाठी शोधायच्या, हे माझं काम.

सरबताच्या नव्या रंगाची तपासणी चालली होती. अर्ध्यांना रंग कालवलेला दाणा, अर्ध्यांना साधा. साधे ठणठणीत, रंगवाल्यांची पोटं गाठींनी भरलेली. साहेबांनी उरलेले रंगवाले मारून जाळायला लावले आणि मला म्हणाले, म्हातारपणाने मेले असं लिही, सही कर. माझी भाची सरबतासाठी जीव टाकते. सही? मेले तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी रिकाम्या पिंजऱ्यांच्याही बाटल्या भरल्या. दुपारी गेले तर त्याच रांगेतून आवाज... टक्... टक्... बाटलीच्या नळीत पोलादी गोळी असते. उंदीर चाटतो तेव्हा ती वाजते. पिंजरे धुतलेले, तरी ओल्या भुशाचा वास, आणि पाणी हळूहळू उतरत होतं. खोटं कशाला बोलू, मी दारापर्यंत पळाले. मग म्हटलं, प्या रे बाबांनो, तुमचं कोण ऐकणार माझ्याशिवाय.

तेवढ्यात साहेब सहीचा कागद घेऊन आत आले. आवाज थांबला. त्यांनी कागद पुढे केला, तशी अख्खी रांग एकदम वाजायला लागली.

"नळ्या गळतायत..." ते पुटपुटले. एक बाटली काढायला त्यांनी पिंजऱ्यात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. बोटातून रक्त येत होतं.

"गळकी नळी चावते का, साहेब?" मी विचारलं.

मी सही केली नाही. औषधात बुडवून ठेवलेल्या एका गाठीची बाटली मी आधीच जेवणाच्या डब्यात लपवून बाहेर नेली होती, ती सरकारी तपासनिसांना नेऊन दिली. नोकरी गेली. खड्ड्यात जाऊ दे.

काल तपासनिसांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. उंदीर म्हातारपणानेच मेले, साहेब म्हणाले. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायले. टक्.

त्यांनी आणखी एक घोट घेतला... टक्. आवाज त्यांच्या गळ्यातून येत होता, आणि तहान काही भागेना. माझ्याकडे बघत त्यांनी पेला रिकामा केला.

मी उठले आणि तो पुन्हा काठोकाठ भरला.