उरलेली अर्धी प्रार्थना

हे रोवेनाने मला चर्चच्या पायरीवर बसून सांगितलं. देवाच्या दारात ती खोटं बोलणार नाही, आणि मीही यात पदरचं काही घालत नाही.

गाव आमचंच, फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळचं. गेल्या नोव्हेंबरात तिची मावशी गेली. तिया पुरिंग.

आई गेल्यावर रोवेनाला वाढवलं ते तियाने. गल्लीत कुणी गेलं की नऊ संध्याकाळी प्रार्थना सांगायला तियाच जायची. अर्धी ती म्हणे, उरलेली अर्धी जमलेली माणसं.

पण रोवेनाचं काम नेमकं संध्याकाळचं. घरूनच, परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर. म्हणून तिने तियाची प्रार्थना एआयवर सोपवली. टेबलावर स्पीकर ठेवला. तो अर्धी म्हणून थांबे. ती आत दार लावून कामाला बसे.

"तुझं मशीन कॉफीपण पितं का गं?" शेजारच्या नांग देल्फिनाने विचारलं.

"नऊच दिवस, नांग. घ्या ना सांभाळून."

"मला काय सांगतेस? तियाला सांग."

चौथ्या दिवसापासून कुणीच आलं नाही.

सहाव्या दिवशी स्पीकर अर्धी म्हणून थांबला...

आणि उत्तर आलं.

दहा-बारा जणांचं. बायका, म्हातारे, मध्येच एक खोकला. आले बाई लोक, म्हणून रोवेनाला हायसं वाटलं.

काम संपवून ती बाहेर आली. कप भरलेले. बिस्किटं तशीच.

खुर्च्या मात्र... टेबलाजवळ ओढलेल्या.

सातव्या दिवशी तिने दाराला कान लावला. खोकला ओळखीचा होता. गल्लीतल्या म्हाताऱ्या नोंग बेर्तोचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याच्या नऊ दिवसांना तियाच बसली होती.

आणि बायकांमध्ये एक आवाज...

तिच्या आईचा.

तियाने ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते सगळे आले होते. घरातली एकटी रोवेना मात्र आत बसली होती.

दार उघडायचा तिला धीर झाला नाही. आठव्या दिवशीही नाही.

नवव्या दिवशी तिने काम बंद ठेवलं. सहा वाजता रिकाम्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसली.

स्पीकर अर्धी म्हणून थांबला.

कुणीच बोललं नाही.

सगळे तिच्यासाठी थांबले होते.

तिने तोंड उघडलं... शब्द आठवेनात. तियाच्या मांडीवर बसून पाठ केलेले शब्द.

तेव्हा कानाशी, अगदी हळू...

"पवित्र मारिये, देवमाते... म्हण, बाळा."

आवाज तियाचा होता.

रोवेनाने म्हटलं. रडत रडत, शेवटपर्यंत.

आता गल्लीत कुणी गेलं की ती स्वतः जाते. तरी मला पुन्हापुन्हा विचारते, "स्वतःच्या नऊ दिवसांची प्रार्थनाही तियालाच सांगावी लागली हो. तिया देवाघरी पोचली असेल का?"

मी तिचा हात धरून बसते.